कापून नेलेली ओल

कोचाउमा, ११ मे

रुफिनो,

तुझे लोक काल येऊन गेले आणि आज पुन्हा आलेत. हे लिहिताना खालून फावड्यांचा आवाज येतोय.

काल सकाळी खालच्या कुरणापाशी ट्रक थांबला तेव्हा मला वाटलं, बिचारे वाट चुकलेत. सांगायला म्हणून खाली गेले. एक माणूस उतरला, टोपी काढून अदबीने म्हणाला, "आपण इंजिनियरसाहेबांच्या भगिनी ना?"

"कोण इंजिनियर?"

"रुफिनोसाहेब. आमच्या रोपवाटिकेचे मातीचे साहेब. मी सालास, मुकादम."

मला हसू आलं. तू साहेब झालास ते आम्हाला सालासकडून कळावं, हेही बरंच झालं म्हणायचं. पण त्याच्यामागून माणसं फावडी उतरवायला लागली आणि माझं हसू जागच्या जागी विरलं.

"साहेबांनी त्यांचा वाटा आमच्या मालकांना दिलाय," तो म्हणाला. "इथल्या गवताच्या गाद्या काढायच्या आणि खाली आरेकिपा शहरात न्यायच्या. तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका बाई, नुसती दलदल आहे. जनावरं रुतून मरतात म्हणे."

"कुणाचं मेलं?"

"साहेब म्हणाले."

आपल्या घरचं एकही जनावर त्या कुरणात रुतून मेलेलं नाही. रुतला होतास तो तू, नवे बूट दाखवत फिरत होतास तेव्हा, कमरेपर्यंत. आणि आईने तुला कानाला धरून वर ओढलं होतं. त्याचा राग अजून आहे का?

ते लोक कसं कापतात ते तुला ठाऊक असेल, तूच शिकवलं असशील. कुंकुना गवताची गादी चौकोनात चिरायची, खालून फावडं सारायचं, वडीसारखी उचलायची. हिरवा थर बोटभर, त्याखाली काळी ओली माती हातभर. एकेक वडी उचलायला दोन माणसं लागतात, इतकं पाणी तिच्यात असतं. संध्याकाळी ट्रक भरून निघाला तर घाटापर्यंत सगळी वाट त्याने भिजवली. आमचं कोरड्या हिवाळ्याचं पाणी होतं ते, रुफिनो. थेंब थेंब रस्त्यावर सांडत गेलं.

आई गेल्यावर वाटणी झाली, वरचं कुरण मला आणि खालचं तुला. मी तेव्हा काही बोलले नाही, आजही बोलत नाही. पण खालच्या कुरणाच्या कडेला बाल्बिनाचा गोठा आहे, हे तुला माहीत होतं. तिला स्वतःचं कुरण नाही. नवरा खाणीत कामाला गेला तो आलाच नाही, तेव्हापासून ती आपल्याच गवतावर अल्पाका राखते. आईने तिला शब्द दिला होता, "मी आहे तोवर आणि माझी पोरं आहेत तोवर." त्या पोरांत तू पण होतास.

कालपासून ती बांधावर बसून आहे. मला म्हणाली, "रुफिनोला माहीत नसेल गं. कुणीतरी फसवलं असेल त्याला." तूच सांग तिला काय सांगू ते.

काम थांबव. मग पुढचं बोलू.

नासारिया

कोचाउमा, २ जून

रुफिनो,

शनिवारच्या बसबरोबर तुझं पत्र आलं. मी ते बाल्बिनाला वाचून दाखवणार होते, पण आधी स्वतः वाचलं आणि चुलीमागे सारून ठेवलं. तिला सांगितलं, पत्र आलं नाही.

तू लिहितोस, "ताई, माती परत येते. दोन-चार वर्षांत गवत धरेल, पहिल्यापेक्षा चांगलं." तू लिहितोस, "मी नाही म्हटलं असतं तर मालकांनी दुसऱ्या कुणाचं कुरण घेतलं असतं." मग ते त्या दुसऱ्याचं पाप झालं असतं. तुझ्या पदरात का घालून घेतलंस? आणि वर लिहितोस, "तुला पत्र्याचं छप्पर घालून देतो." माझं छप्पर इचूच्या गवताचं आहे आणि ते गळत नाही. गळतंय ते कुरण.

सालासच्या माणसांनी खालच्या टोकाला उतारावर चर खणलाय, म्हणजे पाणी निघून जाईल आणि वड्या हलक्या होतील, ट्रकमध्ये जास्त मावतील. त्या चरातून तुझ्याच वाट्याचं पाणी जातं असं तुला वाटतं का? कुरणाला तुझं-माझं कळत नाही. ते आतून एकच आहे. खालची कड कापली की वरचंही तिकडेच झिरपायला लागतं. माझ्या बाजूला परवापर्यंत पाय ठेवला की टाच भिजत होती, आता गादी पायाखाली करकरते. कडेच्या कुंकुनाची टोकं पिवळी पडलीत.

मी काही तुला शहाणपण शिकवत नाही. हे सगळं तूच मला शिकवलंस. कॉलेजातून आला होतास त्या हिवाळ्यात, खोकंभर तापमापक घेऊन. एक कुरणात खुपसलास, एक उघड्या टेकाडावर, एक इचूच्या ठोंबाच्या पोटात. पहाटे उठून आकडे बघायचे होते आणि साहेब तर पांघरुणातून बाहेर यायला तयार नव्हते, म्हणून मीच बघून यायचे. टेकाडावरचा पारा कुठल्या कुठे खाली गेलेला असायचा, आणि कुरणातला मात्र जेमतेम गोठणबिंदूच्या आसपास. तू चुलीशी हात शेकत मला समजावलंस, की ओल दिवसभर ऊन पिते आणि रात्री हळूहळू सोडते. कोरडी माती दिवसा वरवर तापते आणि सूर्य गेला की सगळं फुंकून टाकते. म्हणून आपली जनावरं निजायला कुरणाच्या कडेला येतात. आई ऐकत होती. ती म्हणाली, "एवढं शिकून एवढंच कळलं होय? ते जनावरांना केव्हाचं माहीत आहे." तू किती हसलास. तुझ्या कॉलेजात त्या आकड्यांवर तुला शाबासकी मिळाली, असंही तूच सांगितलंस.

मग आता काय झालं? ओल ऊन प्यायची थांबली?

कापलेल्या जागी काय होतं ते लिहिते, साहेबांच्या माहितीसाठी. उघडी पडलेली काळी माती दुपारी इतकी तापते की हात ठेववत नाही. रात्री तीच दगड होते. सकाळी बघावं तर जमिनीतून बर्फाच्या सुया उभ्या राहिलेल्या असतात, बोट-बोट उंचीच्या, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर मातीची टोपी. कडेला जी थोडी मुळं राहिली होती ती त्यांनी उपटून वर काढली. ऊन आलं की सुया वितळतात, माती भुसभुशीत होऊन खाली बसते, दुपारचा वारा तिला उचलून नेतो. कुठल्या मातीत धरणार आहे तुझं गवत?

आणि थंडी. तुला माहीत आहे ती उतारावरून पाण्यासारखी खाली येते. आधी ती कुरणावरून सरकून ओढ्याकडे निघून जायची. आता तुझ्या लोकांनी तिच्यासाठी खड्डा करून ठेवलाय. सगळी त्यात येऊन साचते, बाल्बिनाच्या गोठ्याला लागून.

सालासला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "बाई, थंडी इथे आधीपासूनच होती."

मी म्हटलं, "पाऊस तुमच्या गावातही पडतो ना? मग घरावरचं छप्पर काढून बघा."

माणूस वाईट नाही तो. हसला. मला पावाचा तुकडा देऊ केला. पण फावडं काही थांबलं नाही.

नासारिया

कोचाउमा, २९ जून

रुफिनो,

गावाची सभा झाली. तुला कुणी ना कुणी कळवेलच, पण त्यांच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक.

अध्यक्ष तिबुर्सियोने उठून सांगितलं, की रुफिनोचा वाटा रुफिनोचा आहे, गावाने त्यात पडायचं कारण नाही. शिवाय तुझ्या मालकाने देवळासाठी पत्रे पाठवलेत. ते पत्रे देवळाच्या भिंतीला टेकून ठेवलेले होते, ऊन पडून चकाकत होते, सगळ्यांचे डोळे सारखे तिकडे जात होते.

मी म्हटलं, "तिबुर्सियो, पाणी गावाचं की रुफिनोचं?"

"पाणी गावाचं."

"मग त्या वड्यांतून काय जातंय ट्रकमध्ये?"

"ती माती आहे."

"पिळून दाखवू?"

लोक हसले. तिबुर्सियो चिडला. म्हणाला, "नासारिया, तुमच्या घरचं भांडण आहे हे. भावाला आवरता येईना म्हणून गावाला कामाला लावतेस?"

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते काही खोटं नाही. मी ज्याच्याविरुद्ध बोलत होते त्याचं आडनाव माझंच होतं.

मग बाल्बिना उठली. ती सभेत कधी बोलली नव्हती. म्हणाली, "माझ्या गोठ्यातलं पाणी सकाळी दगडाने फोडावं लागतं. आधी कधी लागलं नव्हतं. तुमच्यापैकी कुणाच्या गोठ्यात असं झालं असेल तर हात वर करा." कुणी हात वर केला नाही. तिबुर्सियोने ते असं धरलं, की कुणाचीच तक्रार नाही. तिच्या बोलण्याचा अर्थ असा उलटा करून त्याने सभा संपवली. पत्रे देवळावर चढलेत. छान दिसतात.

परतताना ती मला म्हणाली, "तू रुफिनोला लिहिलंस ना सगळं? बाल्बिना त्रासात आहे असं लिहिलंस ना?"

"लिहिलं."

"मग येईल तो."

लहानपणी तुला गोवर आला होता तेव्हा आई बाजाराला खाली गेली होती आणि बाल्बिनाच तुझ्याजवळ बसली होती, हे ती कधी बोलून दाखवत नाही. मी दाखवते. मला लाज नाही.

ये. नाहीतर दोन ओळी तरी तिच्या नावाने लिही.

नासारिया

कोचाउमा, ९ ऑगस्ट

रुफिनो,

तुझ्या मालकाचा ट्रक अपघातात गेला हे तुला कळलं असणार. तुझं पत्र माझ्या हातात आहे. पहिलीच ओळ, "ताई, हे तू केलंस?"

इतक्या पत्रांत तू बाल्बिनाबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस, आणि ट्रकबद्दल पत्र चार दिवसांत आलं.

काय झालं ते सांगते. वळणावर, कड्याखालच्या रस्त्यावर, ओढ्याचं पाणी पसरलं होतं. संध्याकाळी पसरलं, सकाळपर्यंत गोठून काचेसारखं झालं. ट्रक वड्या भरून निघाला, वळणावर घसरला, आणि तुमच्याच कापलेल्या खड्ड्यात आडवा झाला. पाणी तिकडे कसं गेलं ते मला विचारू नकोस. पाणी आहे. वळतं. ऑगस्टात जमीन तोंड उघडते, भुकेली असते, तिला आधी घास द्यावा लागतो हे आपण लहानपणापासून जाणतो. तुझ्या लोकांनी घास न देता त्या तोंडात फावडं घातलं.

ड्रायव्हरचा पाय मोडला. मासेदोनिओ नाव त्याचं, सरोवराकडचा आहे. सालास बाकीच्यांना घेऊन पायी खाली गेला मदत आणायला, आणि याला माझ्या घरी ठेवून गेला. मी लाकडाच्या फळ्या लावून पाय बांधला. तो दोन दिवस होता. गोठवून सुकवलेल्या बटाट्यांचं सूप प्यायचा, आणि बटाटे त्यांच्याकडे आमच्यापेक्षा चांगले गोठतात म्हणून फुशारक्या मारायचा.

पहिल्या दिवशी त्याने विचारलं, "बाई, तुमच्या रस्त्याला काय झालंय?"

"थंडी झालीय."

"थंडी सगळीकडे असते. तुमची थंडी नेमकी वळणावरच कशी बसली?"

मी भांडं घासत राहिले. मला वाटतं त्याला कळलं.

त्यानेच सांगितलं वड्या कुठे जातात ते. एका मोठ्या हॉटेलच्या चौकात अंथरल्यात म्हणे, खुर्च्या-टेबलांच्या मध्ये, पाहुण्यांना डोंगरातल्यासारखं वाटावं म्हणून. महिन्याभरात त्या तपकिरी होतात, मग उचलून फेकतात आणि नव्या मागवतात. बाकीची माती कुंड्यांत. मी विचारलं, "तिथे कुंकुना जगत नाही, हे कुणाला ठाऊक नाही?" तो म्हणाला, "मातीच्या साहेबांना ठाऊक आहे. ते म्हणतात, म्हणूनच धंदा चालतो."

हे तू म्हणालास का? मला तुझ्या हस्ताक्षरात हवंय. हो की नाही.

मासेदोनिओच्या पायाचं मला वाईट वाटलं. तो कण्हायचा तेव्हा मी बाहेर जाऊन उभी राहायचे. पण त्याचं उत्तर मी त्याला देईन, तुला नाही.

नासारिया

कोचाउमा, १९ ऑक्टोबर

रुफिनो,

तुझ्या मालकाने माझ्यावर केलेल्या दाव्यात आपण तालुक्याला कोर्टात भेटलो त्याला आज तीन आठवडे झाले. भेटलो म्हणायचं म्हणून. तू त्या बाजूच्या बाकावर होतास आणि मी या. तुझे केस कमी झालेत. बूट मात्र चांगले होते.

मी हे पत्र रागात लिहायचं नाही असं ठरवलं होतं म्हणून इतके दिवस थांबले. राग काही उतरला नाही, तेव्हा आता लिहिते.

मासेदोनिओ कुबडी घेऊन आला होता, आठवतंय? न्यायाधीशबाईंनी विचारलं, रस्त्यावर पाणी कुणी सोडलं? तो म्हणाला, "बाईसाहेब, रस्त्यावर बर्फ होता. तिथे वर बर्फ असतोच." त्याच्या मालकाचा वकील त्याच्याकडे डोळे वटारून बघत होता. ज्याचा पाय मोडला, त्याने मला वाचवायला बघितलं. त्याची नोकरी त्याच दिवशी गेली असं कळलं.

म्हणून मी उठले. त्याच्या जिवावर मला खोटेपणाने बसून राहायचं नव्हतं. मी म्हटलं, "पाणी मी वळवलं. बाल्बिना नव्हती, दुसरं कुणी नव्हतं. मी पाटाला दारं धरायला आईकडून शिकले, आणि त्या संध्याकाळी मी ओढ्याचं दार रस्त्याकडे उघडलं. ट्रक वर येऊ नयेत म्हणून. भरलेला ट्रक खाली जाईल हे माझ्या डोक्यात आलं नाही. या माणसाचा पाय माझ्यामुळे मोडला." आणि मी मासेदोनिओची माफी मागितली, तिथेच, सगळ्यांसमोर. तो म्हणाला, "सूप चांगलं होतं." लोक हसले. तू हसला नाहीस. खाली बघत होतास.

मग बाईंनी विचारलं, "पण का? या कामाने तुमचं नेमकं नुकसान काय? काही पुरावा आहे का?"

मी म्हटलं, "माझा पुरावा त्या बाकावर बसलाय. त्याला विचारा. कुरण कापलं तर काय होतं हे त्यानेच मोजलंय."

तुला उठवलं. मला त्या क्षणी खरंच वाटलं, रुफिनो, की आता हा सांगेल. मी बाल्बिनाचा हात धरला. ती माझ्या कानात म्हणाली, "बघ, मी म्हटलं होतं ना."

आणि तू टाय सारखा केलास आणि म्हणालास, "अशा जमिनींमध्ये नैसर्गिक पुनर्भरण होतं. तापमानावर होणारा परिणाम नगण्य असतो."

बाल्बिनाने मला विचारलं, "नगण्य म्हणजे काय?"

मी तिला सांगितलं, "म्हणजे मोजण्यात न धरण्यासारखं."

ती म्हणाली, "थंडी की आपण?"

तू तोवर दाराबाहेर गेला होतास. मी तुझ्यामागे आले तर सालास आडवा आला, म्हणाला, "साहेबांना गाडी पकडायचीय बाई, जाऊ द्या." बाजारात गुराला वाट करून देतात तशी लोकांनी तुला वाट करून दिली.

निकाल तुमच्या बाजूने लागला. मी पुन्हा पाण्याला हात लावायचा नाही, रस्ता माझ्या हाताने दुरुस्त करून द्यायचा. केला. त्यानंतर तुमचे लोक एकदाच आले. तासभर इकडे-तिकडे फिरले आणि निघून गेले. जिंकलात, पण खालच्या कुरणात न्यायला काही उरलंच नव्हतं. ऐकते की आता पलीकडच्या खोऱ्यात फावडी लागलीत. तिथेही कुणाचा तरी शिकलेला भाऊ असेलच.

मी आता तुला येऊ नकोस म्हणणार आहे. निदान आईच्या घरी तरी.

नासारिया

कोचाउमा, ८ फेब्रुवारी

रुफिनो,

पुन्हा लिहायचं नव्हतं. पण हे कुणाला तरी सांगायला हवं, आणि ज्याने हे मोजण्यात न धरण्यासारखं म्हटलं त्यालाच सांगितलेलं बरं.

यंदा पाऊस आला तो तुटक. दोन दिवस गारा, मग आभाळ लख्ख. तशा उघड्या रात्रींनंतरच्या सकाळी अल्पाका व्यायला लागल्या. तुला माहीत आहे, त्या सकाळीच वितात, पिल्लाला वाळायला दिवसभराचं ऊन मिळावं म्हणून. पिल्लू ओलं असतं, थरथरत उभं राहतं, पडतं, परत उभं राहतं. पहिल्या रात्रीपर्यंत कोरडं झालं तर जगतं.

माझ्या बाजूला कडेचं कुरण वाळलं तरी मधलं अजून ओलं आहे. मी चराच्या तोंडाशी दगड आणि इचूच्या पेंढ्या रचून आमच्या बाजूचं पाणी अडवलं. कोर्टाने रस्त्यावर सोडू नको म्हटलंय, कुरणात थांबवू नको असं म्हटलेलं नाही. माझी पिल्लं इचूच्या ठोंबांत शिरून निजली. काही गेली, बरीच राहिली.

बाल्बिनाकडे ठोंब नाहीत. गोठ्याभोवतीचा इचू वड्यांबरोबर ट्रकखाली तुडवला गेला. तिच्या गोठ्याच्या एका अंगाला खड्डा. पहिल्या सकाळी मी गेले तर तळाशी पांढरं धुकं साचलेलं होतं, गुडघ्याएवढं, हलत नव्हतं. त्यात पिल्लं पडलेली. ती एकेकाला उचलून पोलक्यात घालत होती, छातीशी धरत होती, खाली ठेवत होती, दुसरं उचलत होती. मला म्हणाली, "हे गरम आहे अजून, बघ गं." मी हात लावला. ते गरम नव्हतं. तिच्या अंगाची ऊब होती ती.

राहिलेली मी माझ्याकडे वर नेली. आयाही मागोमाग आल्या. पण कुरण आता दोघींच्या जनावरांना पुरत नाही, हे तिलाही दिसतं आणि मलाही. चार दिवसांनी तीच म्हणाली, "नासारिया, मी इथे राहिले तर तुझंही जाईल."

"कुठे जाणार?"

"खाली. लोक म्हणतात आरेकिपात घरकामाला बायका लागतात."

तिला स्पॅनिश नीट येत नाही. तिने आयुष्यात जिना चढलेला नाही. तिला जनावरांच्या आजारांतलं सगळं कळतं. लोकरीत बोटं घालून सांगते, ही यंदा गाभण राहील की नाही. शहरात तिला लादी पुसायला लावतील, आणि कुणीतरी म्हणेल, कामाला जरा मंद आहे.

मेलेली पिल्लं आम्ही पुरली नाहीत. जमीन इतकी घट्ट होती की फावडं शिरेना. दगड रचून झाकली.

नासारिया

कोचाउमा, १ मार्च

रुफिनो,

हे पत्र बसवाल्याबरोबर पाठवलेलं नाही. ज्या बाईने ते तुझ्या हातात दिलं ती तुझ्या दारात उभी आहे. तू घाईने उघडून वाचायला लागला असशील, म्हणून सांगते: आधी तिला आत घे. तिने रात्रभर बसमध्ये पाय लांब केलेले नसतील.

तुझा पत्ता मी तिला दिला. तिबुर्सियोने तिला कुणा ओळखीच्यांचं घर सांगितलं होतं, मी नको म्हटलं. राहिलेली जनावरं तिने माझ्याकडे सोपवलीत, ती तिचीच आहेत. लोकर निघाली की तिला पोचवीन. कुरण पुन्हा धरलं तर ती परत येईल, असं मी तिला म्हटलंय. तिने मला विचारलं नाही केव्हा. मी मधल्या कुरणातल्या गाद्यांच्या मुठी काढून खड्ड्याच्या ओल्या कडेला लावतेय, प्रत्येकीभोवती गवताची पेंढी. वरच्या रांगेतल्या काही हिरव्या राहिल्यात. वर्षाला नखाएवढ्या वाढतील. हिशेब तुला माझ्यापेक्षा चांगला येतो, तू करून बघ.

तुझ्या बायकोला ती कोण हे माहीत नसेल. तिला सांग. काय सांगायचं ते तू ठरव. गोवराचं सांग, आईच्या शब्दाचं सांग, की नुसतं गावाकडची बाई आहे म्हणून सांग. तू काय सांगितलंस ते बाल्बिना मला कळवणार नाही, ती तशी नाही. तेव्हा हे तुझं तुझ्यापाशीच राहील.

तुझ्याकडे ती काही मागायला आलेली नाही. तुझ्यावर रागावलेलीही नाही, इतका राग मी एकटीने धरला तरी तिच्यापर्यंत पोचला नाही. निघताना अंगणात म्हणाली, "त्याला तिथे बोलता आलं नसेल. एवढी माणसं होती. घरी नीट सांगेल."

काम मिळेपर्यंत ती तुझ्या घरात राहील. तुमच्याकडे फरशी गार असते, तिला खाली निजवू नकोस. आणि चहा झाला, पोरं शाळेत गेली, घरात तुम्ही दोघंच राहिलात की ती तुला विचारेल, नगण्य म्हणजे काय. मी सांगितलेला अर्थ तिला पटलेला नाही. तिला तो तुझ्या तोंडून ऐकायचा आहे. तिच्या समोर बस आणि सांग.

नासारिया